फियामे मताअफा : मताई, आमदार आणि सामोआचे पहिले पंतप्रधान

आपला प्रश्न तीन भागांत आहे. सामोआचे पहिले पंतप्रधान फियामे मताअफा फाउमुइना मुलिनुऊ दुसरे (१९२१-१९७५) यांच्यावर आपण मराठीत एक चरित्रात्मक टिपण लिहीत आहात आणि त्यांना ‘टोळीप्रमुख’ म्हणावे की ‘सरदार’, असे आपण विचारले आहे. जन्माने प्रमुख असलेला माणूस निवडून आलेला लोकप्रतिनिधी कसा ठरतो, हा आपला दुसरा प्रश्न. देशातील चार सर्वोच्च पदव्यांपैकी एक धारण करणारा हा माणूस राष्ट्रप्रमुख न होता पंतप्रधान का झाला, हा तिसरा. मी बरीच वर्षे विद्यार्थ्यांना तुलनात्मक राज्यघटना शिकवीत आलो आहे. पॅसिफिकमधील छोट्या देशांच्या घटना हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय असल्याने थोडे सविस्तर लिहितो. या माणसाचे आयुष्य नीट पाहिले, तर तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज असल्याचे लक्षात येते. सामोआतील पदवी वारशाने आपोआप मिळते, हा तो गैरसमज.

तेव्हा प्रथम पदवीबद्दल. सामोअन समाजाचा पाया ‘आइंगा’ म्हणजे विस्तारित कुटुंब हा आहे. (रोमन लिपीतील ‘जी’ हे अक्षर सामोअन भाषेत ‘ङ’ सारखे अनुनासिक उच्चारतात. म्हणून ‘आइगा’ न लिहिता ‘आइंगा’ आणि ‘लोतोफागा’ न लिहिता ‘लोतोफांगा’ लिहावे.) प्रत्येक आइंगाकडे एक किंवा अधिक पदव्या असतात आणि ती पदवी धारण करणाऱ्यास ‘मताई’ म्हणतात. जुना मताई वारला की त्याच्या थोरल्या मुलाला पदवी आपसूक मिळत नाही. कुटुंबाच्या सर्व शाखा एकत्र बसतात, कोणी किती सेवा केली, कोणात वाणी आहे, कोणात समजूत आहे, याची चर्चा होते आणि एकमत होईपर्यंत बैठका चालू राहतात. रक्ताचे नाते महत्त्वाचे असतेच, पण ते पात्रतेचा एक भाग असते. दत्तक किंवा विवाहसंबंधातून आलेल्या माणसालाही कुटुंबाने पदवी दिल्याची उदाहरणे आहेत. निवड झाली की ‘साओफाई’ नावाचा विधी होतो, ‘आवा’ हे पेय रीतीने वाटले जाते, बारीक विणीच्या मौल्यवान चटया दिल्या-घेतल्या जातात आणि त्या दिवसापासून माणूस जुन्या नावाऐवजी पदवीच्या नावाने ओळखला जातो. कुटुंबाच्या जमिनीची व्यवस्था पाहणे, भांडणे मिटवणे आणि गावसभेत, म्हणजे ‘फोनो’त, कुटुंबाच्या वतीने बोलणे ही मताईची कामे. ती त्याने नीट केली नाहीत, तर ज्यांनी पदवी दिली तेच ती काढून घेऊ शकतात. सत्तेकडे जाणारी वाट सेवेतून जाते, अशा अर्थाची म्हण सामोआत लहान मुलालाही पाठ असते.

मताईंमध्येही दोन प्रकार आहेत. ‘आलिई’ म्हणजे ज्यांच्याकडे मान आणि अधिकार आहे असे प्रमुख, तर ‘तुलाफाले’ म्हणजे वक्ते. वंशावळी, गावोगावच्या मानाच्या संबोधनांची बांधणी आणि परंपरेचा इतिहास तुलाफालेच्या जिभेवर असतो. आलिई कमी बोलतो आणि त्याच्या वतीने तुलाफाले बोलतो. या सगळ्यांच्या वर चार पदव्या आहेत : मालिएतोआ, तुपुआ तामासेसे, मताअफा आणि तुइमालेआलीइफानो. यांना ‘तामा-आ-आइंगा’ म्हणजे महाकुळांचे पुत्र म्हणतात. आपले टिपण ज्यांच्यावर आहे ते गृहस्थ यांपैकी मताअफा ही पदवी धारण करणारे होते.

आता त्यांचे नाव पुन्हा वाचून पाहा. त्यातील ‘फियामे’ ही उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील लोतोफांगा गावाशी जोडलेली पदवी आहे, ‘फाउमुइना’ ही राजधानी आपियाजवळच्या लेपेआ गावाशी जोडलेली आणि ‘मताअफा’ ही राष्ट्रीय पातळीवरची. ‘मुलिनुऊ’ हे मात्र नाव आहे, आणि तेही आपियाच्या पश्चिमेच्या त्या भूशिराचे, जिथे सामोआच्या सत्तेची पीठे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि जिथे आज संसद आहे. म्हणजे हे नाव तीन जबाबदाऱ्यांचा पत्ता आहे. आपल्या टिपणात ‘फियामे’ हे पहिले नाव आणि ‘मताअफा’ हे आडनाव असल्यासारखे लिहिले, तर वाचकाची दिशाभूल होईल.

त्यांच्या कारकिर्दीचा अर्थ त्यांच्या वडिलांपासून लागतो, म्हणून थोडे मागे जावे लागेल. १८९९ मध्ये बड्या सत्तांनी सामोआची वाटणी केली आणि पश्चिमेची बेटे जर्मनीकडे गेली. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, ऑगस्ट १९१४ मध्ये, न्यूझीलंडच्या सैन्याने ती ताब्यात घेतली. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘तालुने’ हे जहाज ऑकलंडहून आपियाला आले. त्यावर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण होते आणि तरीही त्याला विलगीकरणात ठेवण्यात आले नाही. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसे मेली. हे प्रमाण लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होते. शेजारच्या अमेरिकन सामोआत कडक विलगीकरण पाळल्याने तिथे या साथीने कोणी दगावले नाही, ही गोष्ट पश्चिमेकडच्या लोकांना ठाऊक होती. वृद्ध अधिक संख्येने गेले, म्हणजेच मताईंची एक अख्खी पिढी गेली. ज्या समाजाचे कायदे आणि वंशावळी वृद्धांच्या स्मरणात असतात, त्याच्यासाठी हा आघात आकड्यापेक्षा किती मोठा असेल, याची कल्पना करावी.

या दुःखातून आणि न्यूझीलंडच्या प्रशासकांच्या मनमानीतून १९२० च्या दशकात ‘माऊ’ ही अहिंसक चळवळ उभी राहिली. प्रशासक मताईंना हद्दपार करीत आणि त्यांच्या पदव्या हुकमाने काढून घेत. पदवी देण्या-घेण्याचा हक्क कुटुंबाचा असल्याने हा अपमान व्यक्तीपुरता राहत नसे, संपूर्ण कुळाला लागत असे. ‘सामोआ सामोअनांचा’ ही माऊची घोषणा होती. लोकांनी कर भरणे थांबवले, सरकारी समित्यांवर बहिष्कार घातला. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपियात निघालेल्या शांततामय मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. माऊचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे त्यात जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी वारले. आपल्या रक्ताचा सूड घेऊ नका, शांतता राखा, असा निरोप ते अनुयायांना देऊन गेले. त्यांच्यानंतर चळवळीची धुरा आली ती फाउमुइना यांच्यावर, म्हणजे आपल्या चरित्रनायकाच्या वडिलांवर. पुरुषांना पकडले जाऊ लागल्यावर महिलांनी माऊ पुढे चालवली आणि तिच्या नेत्यांमध्ये फाउमुइना यांच्या पत्नी फाआमुसामी होत्या. मुलिनुऊ त्या वेळी आठ वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर त्यांनी दाखवलेल्या संयमाचे मूळ मला याच वर्षांत दिसते. ज्या घरात सत्तेला नकार देण्याची किंमत रोज मोजली जात होती आणि तरीही हाती शस्त्र न घेण्याचा नियम पाळला जात होता, त्या घरात ते वाढले.

१९३५ च्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, १९३६ मध्ये त्याचे सद्‌भावना मंडळ आपियाला आले आणि माऊवरील बंदीची धार गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये पश्चिम सामोआ (म्हणजे आजचा सामोआ) संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली आला. स्वराज्य मिळावे असा अर्ज सामोअन नेत्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केला, १९४७ मध्ये चौकशी मंडळ आले आणि १९४८ मध्ये विधानसभा अस्तित्वात आली. त्याच वर्षी फाउमुइना वारले. त्यांच्या पदव्या कुटुंबाने मुलिनुऊ यांना दिल्या. तेव्हा ते तिशीच्याही आत होते. थोर नेत्याचा मुलगा असणे ही त्यांची जमेची बाजू होती यात शंका नाही. परंतु कुटुंबाच्या संमतीची पायरी त्यांनाही चुकली नाही, आणि आपण ‘वारसदार’ हा शब्द वापरणार असाल तर हा तपशील त्याच वाक्यात आला पाहिजे.

१९५७ मध्ये ते लोतोफांगा मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले आणि शेतीखात्याचे मंत्री झाले. खोबरे, कोको आणि केळी हीच देशाची निर्यात असल्याने शेतीखाते म्हणजे जवळजवळ अर्थव्यवस्थाच होती. १ ऑक्टोबर १९५९ पासून मंत्रिमंडळ पद्धती सुरू झाली. पंतप्रधान आणि आठ मंत्री अशी तिची रचना होती आणि मताअफा पहिले पंतप्रधान झाले. लक्षात घ्या, देश अजून स्वतंत्र झाला नव्हता. न्यूझीलंडचे उच्चायुक्त तिथे होते आणि सत्ता टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होत होती. १९४९ ते १९६० या काळात हे हस्तांतर ज्यांनी समंजसपणे हाताळले ते उच्चायुक्त गाय पॉल्स. सामोआतून ते थेट दिल्लीला न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून गेले आणि १९६२ मध्ये मायदेशी पहिले लोकपाल झाले. भारतीय वाचकासाठी हा धागा टिपणात ठेवण्यासारखा आहे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. स्वतंत्र देशाची घटना तयार करण्यासाठी १९६० च्या ऑगस्टमध्ये घटना परिषद भरली. तिचे १७४ सदस्य होते. इतिहासकार जेम्स डेव्हिडसन आणि कायद्याचे प्राध्यापक कॉलिन एकमन हे सल्लागार होते. कलमवार चर्चा झाली आणि २८ ऑक्टोबर १९६० रोजी घटनेवर सह्या झाल्या. घटनेच्या उद्देशिकेत देशाचा पाया म्हणून ख्रिस्ती तत्त्वे आणि सामोअन रूढी-परंपरा यांचा उल्लेख आहे. कलम १०० ते १०३ मध्ये मताई पदवी रूढीनुसारच धारण केली जाईल, रूढीच्या जमिनीचे हस्तांतर होणार नाही आणि जमीन व पदव्यांच्या वादांसाठी स्वतंत्र न्यायालय असेल, ही तरतूद आहे. देशातील सुमारे ८० टक्के जमीन अशी कुळांच्या मालकीची आहे. ती भाड्याने देता येते किंवा सार्वजनिक कामासाठी सरकारला घेता येते, पण विकता येत नाही. ही बंदी उठवायची असेल तर संसदेच्या बहुमताखेरीज सार्वमतात दोन-तृतीयांश मते लागतात. माझ्या मते ही तरतूद त्या पिढीने केलेले सर्वात दूरदृष्टीचे काम आहे. पॅसिफिकमधील इतर बेटांवर जमीन गेली की त्यामागोमाग भाषा आणि अधिकारही गेले, हे त्यांनी पाहिले होते.

घटनेसमोरचा सर्वात कठीण प्रश्न मताधिकाराचा होता. परिषदेचे बहुमत स्पष्ट होते : संसदेसाठी मत देण्याचा आणि उभे राहण्याचा हक्क मताईंनाच असावा. त्यांचा युक्तिवाद असा, की मताईला कुटुंबानेच निवडलेले असते, तो कुटुंबाचे मन जाणतो, मग प्रत्येकाने वेगळे मत देण्याचे कारण काय? संयुक्त राष्ट्रांना हे पटले नाही. विश्वस्त व्यवस्था संपवायची तर सर्व प्रौढांचे मत घेतले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तोडगा निघाला तो असा, की ९ मे १९६१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झाले आणि त्यात प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत देता आले. ही घटना मान्य आहे का आणि १ जानेवारी १९६२ रोजी स्वातंत्र्य हवे का, असे दोन प्रश्न होते. दोन्हींना साधारण दहापैकी आठ मतदारांनी होकार दिला. म्हणजे सर्व प्रौढांनी मिळून, सर्व प्रौढांच्या मताधिकारापासून दूर असलेली घटना स्वीकारली. घटनाशास्त्राच्या अभ्यासकाने या एका दिवसावर थांबून विचार करावा, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

तर मग मताअफा लोकप्रतिनिधी होते का? होते, पण आपल्याला सवय असलेल्या सरळ वाटेने नव्हे. कुटुंबाने त्यांना मताई केले, लोतोफांगातील मताईंनी त्यांना विधानसभेत पाठवले आणि विधानसभेच्या सदस्यांनी, तेही पक्षांशिवाय, त्यांना पंतप्रधान केले. प्रत्येक पायरीवर दुसऱ्या कोणाची तरी संमती लागली. या व्यवस्थेचे दोषही टिपणात यायला हवेत. मताईंमध्ये पुरुषांचे प्रमाण फार मोठे असल्याने बहुसंख्य स्त्रिया आणि जवळजवळ सर्व तरुण तीस वर्षे मतदानाबाहेर राहिले. अनेक मतदारसंघांत मताई आपसांत ठरवून एकच उमेदवार उभा करीत आणि मतदानाची वेळच येत नसे. पुढे मते वाढवण्यासाठी निवडणुकीपूर्वी घाईने नव्या पदव्या वाटण्याची प्रथा सुरू झाली आणि अशा मताईंना लोक ‘मताई पालोता’, म्हणजे मतपत्रिकेपुरते मताई, म्हणू लागले. पदवी ही सेवेची पावती आहे असे मानणाऱ्या समाजाला ही गोष्ट जिव्हारी लागणारी होती. शेवटी २९ ऑक्टोबर १९९० रोजी पुन्हा सार्वमत झाले, थोड्या फरकाने प्रौढ मताधिकार मान्य झाला आणि १९९१ च्या निवडणुकीत २१ वर्षांवरील सर्वांनी मत दिले. उमेदवार मात्र आजही मताईच असावा लागतो. हा बदल उशिरा झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही १९६० साली परिषदेला बाहेरून आणलेला मताधिकार लादला असता, तर घटना टिकली असती की नाही, याची मला तितकीच शंका वाटते.

तिसरा प्रश्न राष्ट्रप्रमुखपदाचा. स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधीपासून सर्वोच्च पदवीधारकांना ‘फाउतुआ’ म्हणजे सल्लागार म्हणून प्रशासनात स्थान होते. स्वातंत्र्याच्या वेळी तुपुआ तामासेसे मेआओले आणि मालिएतोआ तानुमाफिली दुसरे हे दोघे फाउतुआ होते आणि घटनेने त्या दोघांनाच तहहयात संयुक्त राष्ट्रप्रमुख केले. पुढच्या राष्ट्रप्रमुखांची निवड संसदेने पाच वर्षांसाठी करावी, असे ठरले. राष्ट्रप्रमुख चार महाकुळांपैकीच असावा अशी अट घटनेत लिहिलेली नाही, पण प्रथा तीच राहिली आहे. मेआओले १९६३ मध्ये वारले आणि मालिएतोआ २००७ पर्यंत, म्हणजे ४५ वर्षे, राष्ट्रप्रमुख राहिले. मताअफा मात्र तोवर पंतप्रधान झालेले होते. त्यामुळे त्यांना डावलले गेले असे म्हणणे चुकीचे ठरेल. उलट, ज्या पदावर रोज प्रश्न विचारले जातात, अंदाजपत्रक मांडावे लागते आणि पराभवही होऊ शकतो, ते पद एका तामा-आ-आइंगाने स्वीकारले. याचा एक परिणाम असा झाला, की नव्याने जन्मलेल्या पंतप्रधानपदाला लोकांच्या मनात आपोआप वजन आले. दुसरा परिणाम अवघड होता. ज्याच्यासमोर रीतीप्रमाणे मान लवून बोलायचे, त्याच्यावर सभागृहात टीका कशी करायची? विरोधी बाजू आणि पक्ष तिथे उशिरा तयार झाले, याचे एक कारण या संकोचात आहे, असे मला वाटते. पहिला संघटित पक्ष १९७९ मध्ये निघाला आणि १९८२ पर्यंत पंतप्रधानपद या महाकुळांतील व्यक्तींकडेच राहिले.

१ जानेवारी १९६२ रोजी पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. विसाव्या शतकात स्वातंत्र्य मिळवणारे हे पॅसिफिकमधील पहिले बेटराष्ट्र. लोकसंख्या होती सुमारे १ लाख १४ हजार. मताअफा यांच्या सरकारने १ ऑगस्ट १९६२ रोजी न्यूझीलंडशी मैत्री करार केला आणि ज्या देशाविरुद्ध त्यांच्या वडिलांनी चळवळ चालवली होती, त्याच्याच मदतीने परराष्ट्र व्यवहार चालवला. मला यात दुर्बलता दिसत नाही. दूतावास उघडण्याइतका पैसा नसलेल्या देशाने कोणती कामे स्वतः करायची आणि कोणती दुसऱ्याकडून करून घ्यायची, याचा तो हिशेब होता. म्हणूनच देश संयुक्त राष्ट्रांत गेला तो १९७६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्याच वेळी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आशियाई विकास बँकेचा मात्र सामोआ संस्थापक सदस्य होता. जिथे उपयोग होता, तिथे सरकार मागे राहिले नाही.

कायद्यांपैकी दोन मला महत्त्वाचे वाटतात. १९६३ च्या निवडणूक कायद्याने मताईंच्या मतदारयादीवर ४५ आणि मुख्यतः युरोपीय वा मिश्र वंशाच्या ‘व्यक्तिगत’ मतदारांसाठी २ अशा ४७ जागा निश्चित झाल्या. १९६५ च्या कायद्याने रूढीची जमीन ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची रीत घालून दिली. मंत्री कुळाच्या वतीने विश्वस्त म्हणून पट्टा करून देतो, अशी ही व्यवस्था आहे. हॉटेल किंवा कारखाना हवा पण जमीन विकायची नाही, या पेचातून काढलेला तो मार्ग होता. यावर आजही वाद आहेत, विशेषतः मंत्र्याच्या सहीने कुळाची संमती झाकली जाते का, याबद्दल. वर्षअखेरचा जमाखर्च मात्र सोपा नव्हता. जानेवारी १९६६ च्या चक्रीवादळाने पिके आणि घरे झोडपली, केळीच्या निर्यातीला रोगाचाही फटका बसला आणि तरुण माणसे कामासाठी न्यूझीलंडची वाट धरू लागली. परदेशातून येणाऱ्या पैशावर घरे चालण्याची सुरुवात त्याच दशकात झाली. या बाबतीत मताअफा यांच्या सरकारकडे फारसे उत्तर नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवावे.

१९७० च्या निवडणुकीनंतर पंतप्रधानपदासाठी सभागृहात चुरस झाली आणि मताअफा हरले. त्यांना हरवणारे तुपुआ तामासेसे लेआलोफी चौथे हेही तामा-आ-आइंगा होते, पेशाने डॉक्टर होते आणि १९२९ मध्ये गोळीबारात पडलेल्या नेत्याच्या घराण्यातले होते. सामोआच्या इतिहासात मताअफा आणि तामासेसे या पदव्यांच्या स्पर्धेने पूर्वी युद्धे घडवली होती. एकोणिसाव्या शतकात मताअफा इओसेफो यांना पदव्यांच्या संघर्षात पराभूत होऊन मार्शल बेटांवर हद्दपार व्हावे लागले होते. त्यांच्या पदवीचे वारस सभागृहातील मतमोजणीत हरले, खुर्ची सोडली आणि लोतोफांगाचे सदस्य म्हणून संसदेत राहिले. चरित्रकार सहसा १९५९ आणि १९६२ वर भर देतात. मला विचाराल तर या कारकिर्दीतील सर्वात मोलाची नोंद १९७० ची आहे, कारण घटना खरोखर चालते की नाही हे सत्तेवर येताना कळत नाही, सत्ता सोडताना कळते. १९७३ मध्ये सभागृहाने त्यांना पुन्हा पंतप्रधान केले आणि २० मे १९७५ रोजी, पदावर असतानाच, वयाच्या ५३ व्या वर्षी ते वारले.

त्यांच्यानंतर लोतोफांगाची जागा त्यांच्या पत्नी ला‌उलु फेताउइमालेमाउ मताअफा यांनी लढवून जिंकली. त्या शिक्षिका होत्या, महिला संघटनांच्या नेत्या होत्या आणि पुढे न्यूझीलंडमध्ये सामोआच्या उच्चायुक्त झाल्या. त्यांचे वडील ले मामेआ मातातुमुआ आता हे घटनाकारांपैकी एक होते, त्यामुळे त्यांचे स्थान केवळ ‘पंतप्रधानांच्या पत्नी’ असे लिहू नये. कन्या नाओमी वडील वारले तेव्हा १८ वर्षांच्या होत्या. फियामे पदवीचा वाद जमीन व पदव्या न्यायालयापर्यंत गेला आणि विशीत असतानाच ती पदवी नाओमी यांच्याकडे आली. १९८५ मध्ये त्या लोतोफांगातून निवडून आल्या, १९९१ मध्ये देशातील पहिल्या महिला मंत्री झाल्या. २०२० मध्ये, जमीन व पदव्या न्यायालयाची रचना बदलणाऱ्या विधेयकाला विरोध करून, त्यांनी उपपंतप्रधानपद सोडले. ज्या कलमांचे घटना परिषदेने जतन केले होते, त्यांच्याशीच हा वाद जोडलेला होता. २०२१ च्या निवडणुकीनंतर संसदेची दारे बंद ठेवली गेली, तेव्हा २४ मे रोजी मुलिनुऊला बाहेर उभारलेल्या तंबूत त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि जुलैमध्ये अपील न्यायालयाने ती वैध ठरवली. २०२५ पर्यंत त्या पदावर होत्या.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. ‘टोळीप्रमुख’ हा शब्द कृपया वापरू नका. सामोआत टोळ्या नाहीत, कुटुंबे आणि गावे आहेत. ‘सरदार’ म्हटले की राजाने दिलेली जहागीर आठवते, आणि इथे पदवी खालून येते. ‘पाटील’ हा शब्द काही अंशी जवळचा वाटेल, कारण गावकी, भावकी आणि मानपान दोन्हीकडे आहेत, परंतु पाटीलकी हे वंशपरंपरागत वतन होते आणि महाराष्ट्राने ते १९६२ च्या कायद्याने रद्द केले, तर सामोआने त्याच वर्षी मताईला घटनेत स्थान देऊन स्वातंत्र्य स्वीकारले. म्हणून ‘मताई’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘कुटुंबाने निवडलेला पदवीधारक प्रमुख’ असा खुलासा करावा. पित्याचा उल्लेख ‘फाउमुइना’, चरित्रनायकाचा ‘मताअफा’ आणि कन्येचा ‘फियामे नाओमी’ असा सर्वत्र सारखा केला, तर तिन्ही पिढ्यांच्या नावांची सरमिसळ होणार नाही. आजवर वाचलेल्या अनेक टिपणांत वडील आणि मुलगा यांची वर्षे एकमेकांच्या नावावर गेलेली मी पाहिली आहेत. तेव्हा १९४८ ही वडिलांच्या मृत्यूची आणि १९७५ ही मुलाच्या मृत्यूची साल आहे, एवढे छपाईपूर्वी एकदा पडताळून घ्यावे.